गुडघा माझा, पट्टाही माझ्याच पसंतीचा

वर्तकनगर, ठाणे
५ मार्च १९९५

ती. भागीरथीवन्सं यांच्या चरणी,

सुमतीचा नमस्कार. (साष्टांग घालायची इच्छा होती, पण डॉक्टरांनी गुडघा टेकायला बंदी केली आहे, तेव्हा हा उभ्याउभ्याच गोड मानून घ्यावा.) तुमचा खोकला आणि कोपरच्या घरातली ओल, दोन्ही आता आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे तुमचे बंधू खुशाल आहेत आणि मी तर अगदी ठणठणीत.

तुमचं पत्र पोचलं. पन्नाशीला टेकलेल्या बाईने कबड्डी खेळावी, पाय मोडून घ्यावा आणि वर पंजाबी ड्रेस घालून बाजारात हिंडावं, हे आपल्या घराण्याला शोभतं का, असं तुम्ही विचारलंत. पहिली गोष्ट, मी सत्तेचाळीसची आहे. दुसरी, पाय मोडलेला नाही. गुडघ्यातलं लिगामेंट, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणारी दोरी, अर्धवट फाटली आहे. आणि कबड्डीचं म्हणाल, तर ते जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण तुमच्या बंधूंनी तुम्हाला फक्त शेवट सांगितलेला दिसतो.

सव्वीस जानेवारीला कॉलनीच्या मैदानात आमच्या महिला मंडळाचा खोपटच्या बायकांशी सामना ठेवला होता. सगळ्यांना वाटलं, बायका पदर खोचून थोडं हसतील, चहा पितील आणि घरी जातील. मला काही हसू येत नव्हतं. लग्नाआधी मी शाळेच्या संघात चढाईला जायचे, हे तुमच्या घरात आजवर कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. शेवटच्या चढाईत दोघींना शिवून मी वळले, तर त्यांच्या सगुणाने माझा घोटा धरला. (सगुणा म्हणजे अंगाने धान्याची कोठी, मनाने लोणी.) माझं वरचं अंग वळलं, पाय तिच्या हातातच राहिला, आणि आतून 'कट्' असा आवाज आला, सुकी फांदी मोडावी तसा. डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी मी सरपटत जाऊन मधल्या रेषेला बोट लावलंच. पंचांनी सगुणासकट तिघींचे तीन गुण दिले. मला खुर्चीत घालून नेत होते तेव्हा मी मान वळवून, फळ्यावर ते गुण लिहिलेत की नाही, ते बघत होते. तुमचे बंधू याला निर्लज्जपणा म्हणतात. मी गुण म्हणते.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको, पण दोन्ही बाजूंना बिजागऱ्या असलेला पट्टा बांधा. तो आणायला गेले तुमचे बंधू, तेही माप न घेता. दुकानदाराने 'बाई अंगाने कशा आहेत?' विचारलं, तर यांनी दोन्ही हातांनी हवेत एक आकार काढून दाखवला. (कुठला, ते मला अजून कळू दिलेलं नाही.) घेऊन आले साधी विणलेली नी-कॅप, आणि तीही इतकी ऐसपैस, की भाजीवाल्यापर्यंत पोचेतो घोट्याशी जमा झाली. तो म्हणाला, "मावशी, तुमचा मोजा पडला."

तेव्हा मी रिक्षा केली आणि काठी टेकत स्वतः स्टेशनजवळच्या दुकानात गेले. हेही आले होते, पण ते बेडपॅनच्या कपाटाकडे तोंड करून उभे राहिले. दुकानदाराने एकेक प्रकार समोर ठेवला. एकाला मधोमध गुडघ्याच्या वाटीपुरतं भोक. एकात मांडीपासून पोटरीपर्यंत सळ्या, घातला की पाय काठीसारखा सरळ. आणि एक बिजागऱ्यांचा. त्याला मी हात लावल्याबरोबर दुकानदार म्हणाला, "तो खेळाडू लोक नेतात, काकू. तुम्हाला घरातल्या घरात फिरायला साधी कॅप बास."

"खेळाडूच नेतेय," मी म्हटलं. "टेप द्या."

मांडीचा घेर गुडघ्याच्या किती वर मोजायचा, ते त्याने भिंतीकडे बघत सांगितलं आणि मी पडद्यामागे जाऊन मोजलं. वन्सं, तो पट्टा बांधून उभी राहिले आणि सामन्यानंतर पहिल्यांदा गुडघा डुगडुगला नाही. माझा पाय मला परत मिळाल्यासारखं वाटलं. पण पट्ट्याच्या चिकटपट्टीने परकर धरला, परकराने निऱ्या ओढल्या, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या जिन्यात मी त्याच पायावर पडता पडता वाचले. त्या संध्याकाळी मी उत्तम टेलरकडे जाऊन ड्रेसचं माप दिलं. आता पट्टा सलवारीवरून बांधते, उघड, सगळ्यांना दिसेल असा. तुमचे बंधू दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत (जेवले मात्र वेळेवर). शेजारच्या बायकांनी नाकं मुरडली, आणि त्यातल्याच काहींनी गुपचूप उत्तमकडे मापं दिली. सगुणा बांगडे घेऊन भेटायला आली आणि पट्टा बघून रडायला लागली. मी तिला सांगितलं, रडू नकोस, पकड चांगली होती.

तेव्हा ड्रेस मी सोडणार नाही. पाडव्याला तुमच्याकडे ड्रेसमध्येच येईन. दार उघडलं नाहीत तर जिन्यात बसेन, पाय लांब करून, येणाऱ्याजाणाऱ्यांना वळसा घालावा लागेल असा. याउपर आपण वडीलधाऱ्या आहात.

आपली,
सुमती

ता.क. तुमचे बंधू हे पत्र टाकण्याआधी वाचणार होते. त्यांचं वाचून झालं, म्हणून आता लिहिते. मी ठणठणीत नाही. सूज उतरली, पण गुडघा वाकत नाही. डॉक्टर म्हणतात, आत्ता रोज कुणी नेटाने वाकवला नाही तर जन्मभर असाच राहील. हे वाकवायला बसतात, मी ओरडले की हात काढून घेतात, आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडतात. (त्यांना वाटतं, मला ऐकू येत नाही.) पाडव्याची वाट न बघता थोडे दिवस राहायला याल का? तुमच्याइतकं कठोर माणूस आमच्या ओळखीत दुसरं नाही. हे मी आदराने लिहिते आहे. मी कितीही ओरडले तरी सोडू नका.

ता.क. २. ड्रेसबद्दल जे काही सुनवायचं असेल ते पाय वाकवतानाच सुनवा. रागाने तुमचा हात घट्ट राहील, आणि माझं ओरडणं भांडणात खपून जाईल. मग ह्यांना मोरीत जावं लागणार नाही.