रेडिओवरची भवानी

बँडमास्तर,

तुम्ही वर गेलात आणि तिथे टपाल जात नाही, म्हणून निर्धास्त लिहिते.

काल रेडिओवर आपल्या बँडचं जुनं जॅझ गाणं लागलं. निवेदक म्हणाला, "गायिकेचं नाव उपलब्ध नाही." मेल्या, ती इथे शेंगा सोलतेय! रेकॉर्डवर तुमचं नाव ठळक आणि माझं नाहीच, त्याचं हे फळ.

नातीच्या पायाचं प्लास्टर कधीच निघालं, पण पोरगी भीतीने पाय टेकत नव्हती. डॉक्टर थकले, सुनेचं रडून झालं. तुमचा ट्रम्पेट वाजला आणि ती खुर्ची धरून उठली. रेडिओवर मी गायला लागले तशी खुर्ची सोडून डुलायला लागली. दोन्ही पायांवर, मास्तर!

"आजी, कोण गं ही? काय गातेय!"

नाव अगदी जिभेवर आलं होतं. पण सांगितलं असतं, तर नाच सोडून गळ्यातच पडली असती. म्हटलं, "असेल कुणी भवानी. तू नाच, ताल चुकतोय."

गाणं संपलं तशी ती पुन्हा खुर्ची शोधू लागली. मग शेवटचं कडवं मीच पुन्हा उचललं. तिने आवाज ओळखला की नाही, कोण जाणे. पाय मात्र थांबले नाहीत.

अजून सुरात असलेली,
तुमची गायिका