नबवियाचा शिक्का

३ ऑक्टोबर १९९६
आले एकदाची. औषधाच्या दुकानावर दोन खोल्या, खिडकीखाली कालवा, समोर तामियाचे वडे तळणारा. कैरोच्या गोंगाटातून सुटले. रेल्वेच्या कायदा-कचेरीत एकतीस वर्षं टंकलेखन केलं. आता रेल्वेच्याच अपघातात जायबंदी झालेल्यांचे खटले लढवणाऱ्या वकीलबाई नज्लांकडे बिनपगारी काम. नज्ला म्हणाली, मदाम मादलेन, इतकी वर्षं रेल्वेचं मीठ खाल्लंत, आता आमचा चहा प्या. चहावाले तौफीकचाचा म्हणाले, एकदा प्यायलात की मिठाचीच आठवण येईल.

७ ऑक्टोबर
इथल्या अशिलांना शिस्त म्हणून नाही. येतात कुबड्यांवर आणि कागद विसरतात घरी. बहुतेकांना लिहिता येत नाही. सहीच्या जागी नावाचा पितळी शिक्का उमटवतात. बायका तो दोऱ्यात ओवून गळ्यात घालतात. आज एका शेतकऱ्याने आपला शिक्का खुशाल चाचांच्या हातात दिला. मी त्याला फैलावर घेतलं. म्हटलं, शिक्का देतोस म्हणजे जीभ कापून देतोस. तो म्हणाला, मदामना मास्तरीण व्हायचं राहून गेलं वाटतं. मला मिशनच्या शाळेतल्या ननांनी शिकवलंय. ताठ बसायला आणि खरं बोलायला, दोन्ही छडीने.

१० ऑक्टोबर
आज नबविया आली. उजवा हात खांद्यापासून नाही. अकरा वर्षांपूर्वी कफ्र नसीम गावाजवळ रेल्वेचे डबे घसरले, त्यात गेला. भरपाई मिळाली नाही, कारण रेल्वेकडे तिच्या शिक्क्याचा कागद आहे: ‘मी शुद्धीत आहे. माझी काही तक्रार नाही.’ ती म्हणते, मदाम, मी चार दिवस बेशुद्ध होते. जाग आली तर हातही नाही आणि गळ्यात शिक्काही नाही. चोवीस तारखेला शेवटची सुनावणी. शिक्का दुसऱ्या कुणी मारला हे सिद्ध झालं तरच दावा टिकेल.

कागद पाहिला. टंकलेखन माझं.

तेव्हा सणाची सुट्टी तोंडावर होती. साहेबांनी अकरा कागद देऊन मला इस्पितळात पाठवलं. मी खाटेखाटेशी वाकून म्हणत गेले, तसदी नको, तुमचा शिक्का आम्हीच मारतो. ऐकायला कुणी शुद्धीत नव्हतं. दहा शिक्के परत गळ्यात बांधले. अकरावा पर्समध्ये राहिला. आता माझ्या शिवणाच्या डब्यात आहे.

नबवियाला चहा दिला. कागद परत फायलीत ठेवला. तिने डाव्या हाताने माझा हात धरून दुआ दिली.

१४ ऑक्टोबर
वड्यांच्या तेलकट कागदावर गोल ठसा. अक्षरं स्पष्ट: नबविया. मग उशीच्या अभ्र्यावर. मग पावावर. मी खुळी बाई नाही. डबा उघडला. अकरा वर्षांनी शिक्क्यावरची शाई ओली. भर दुपारी पुलावर गेले, शिक्का कालव्यात फेकला.

१५ ऑक्टोबर
शिक्का डब्यात. चिखलाने माखलेला.

१८ ऑक्टोबर
ठसा आता माझ्या उजव्या मनगटावर. साबणाने जात नाही. बोटं बधिर. नज्लाने विचारलं, हात का लपवता? सांधेदुखी, म्हटलं. खरं सांगितलं तर तुरुंग. आणि त्याआधी नबवियाचा चेहरा —

२१ ऑक्टोबर
हात कोपरापर्यंत बधिर. डाव्या हाताने लिहिते. नबविया भेटली. म्हणाली, ज्याने माझा शिक्का नेला त्याचा हात सलामत असो, हात नसणं काय असतं ते मला ठाऊक आहे. टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर सोसला —

उद्या सांगेन.

२३ ऑक्टोबर
काल सांगितलं नाही. सुनावणी उद्या. खांद्यापर्यंत —

कबुली लिहिली. वाकडीतिकडी. ननांनी फाडून फेकली असती. सहीशिवाय कोर्टात चालणार नाही, हे मला कुणी शिकवायला नको. सही करायला कागद घेतला तर त्यावर माझे शब्द नाहीत. टंकलेले आहेत. ‘मी शुद्धीत आहे. माझी काही तक्रार नाही.’

शिक्का पाहिला. पितळेवर नबविया नाही. मादलेन.

दारात कुणी बाई. ताठ उभी. आवाज माझाच — तसदी नको, मदाम, म्हणते, तुमचा शिक्का आम्हीच मारतो —

नज्ला, मी शुद्धीत आहे. माझी तक्रार आहे. तो कागद मी —