गोल मारून तो नाचला नाही

तुरिन, रविवार

बाबा, तुमच्या नुंत्सियाची लांबूनच एक घट्ट मिठी.

मी बरी आहे. बेकरीतलं काम जमतंय, मालकीण पोटभर जेवायला घालते. फक्त आपल्या नेपल्ससारखी कॉफी इथे कोणाला येत नाही. आईचा गुडघा कसा आहे?

आजची मॅच तुम्ही पाहिलीच असणार. आपला सार्नातारो इथल्या टीमकडून आपल्यावरच गोल मारेल असं वाटलं नव्हतं. बेकरीत टीव्हीसमोर सगळे नाचले. मालकीण म्हणाली, "काय गं, तुमचा हिरो आता आमचा! तोंड का पाडलंस?" मी ट्रे पुसत राहिले.

पण बाबा, गोल मारून तो स्वतः नाचला नाही. मान खाली घालून गुपचूप मागे गेला. तरी आपल्या लोकांनी शिट्ट्या मारून त्याला हैराण केलं. तुम्हीही घरात मारल्या असतील.

तो आपली टीम सोडून इथे आला तेव्हा तुम्ही त्याच्या जर्सीने फरशी पुसलीत. आणि मी निघाले तेव्हा म्हणालात, "जा, तू पण सार्नातारोच निघालीस."

मला वाटतं, विकलं त्याला आपल्याच क्लबने आणि शिव्या खातोय तो. त्याच्या जागी आणलेला तो नवीन तर नुसते केस सावरतो!

इथे पगार बरा आहे, पण मीसुद्धा अजून एकदाही नाचले नाहीये.

नाताळला घरी येतेय. हव्या तर शिट्ट्या मारा बाबा, पण दार उघडा.

अजून तुमच्याच टीमची,
नुंत्सिया