चहापुरती चक्की बंद

६ ऑक्टोबर, सोमवार
निवृत्तीनंतरचा पहिला संकल्प: बायकोच्या, म्हणजे शरदिनीच्या, पिठाच्या चक्कीचं इलेक्ट्रिकल खातं आजपासून माझ्याकडे. ब्रह्मा घाटावरच्या मराठी घरांची चकलीची भाजणी यंदा प्रथमच तिच्याकडे आलीय. एक्केचाळीस डबे, शनिवारपर्यंत. ही वेळ सांभाळली तर पुढं लोक येत राहतील, म्हणाली. सांभाळू की. रेल्वेच्या इलेक्ट्रिकल ऑफिसात एकतीस वर्षं काढलीत मी. टेबलावर का होईना, फाइली मोटरींच्याच होत्या.
बचतही सुरू. चहाला उठलो की स्विच बंद. दगडांत दाणे असले तर असू देत, पळून जात नाहीत.

७ ऑक्टोबर, सकाळी ११
चहा झाला, बटण दाबलं. मोटर घुरघुरली आणि गप्प. ओव्हरलोड रिले ट्रिप. शरदिनीला समजावलं की रिले म्हणजे भार वाढला की वीज तोडणारी डबी, आणि आपली डबी भित्री आहे. तिनं दगडांतले दाणे काढले, तर चक्की चालू झाली. रिकामी असली की चालते, म्हणाली.
योगायोग.

८ ऑक्टोबर
चार चहा, चार ट्रिप. व्होल्टेज कमी असावं. टेस्टर लावला, दिवा लागला. बरंच कळलं.
शरदिनी म्हणते, रामआसरे मिस्त्रीला बोलवा. त्याला बोलावलं तर माझी एकतीस वर्षं पाण्यात. नाही म्हणून सांगितलं. ती डबे मोजायला लागली, म्हणजे पटलं.

९ ऑक्टोबर, दुपारी
शोध लागला! रिलेवर एक चकती आहे, किती भाराला वीज तोडायची ते ठरवणारी. अकराच्या आकड्यावर होती, तेरावर नेली. चक्की दाण्यांसकट चालू. प्रश्न मुळापासून सुटला. उद्यापासून चहा निवांत घ्यायचा.

१० ऑक्टोबर, दुपारी ३
तेरावरही ट्रिप. चौदावर नेली. चकती संपली. पण आता चालतेय, जरा कण्हत. शरदिनी दशाश्वमेधला डबे पोचवायला गेलीय. खमंग वास सुटलाय. भाजणी झकास जमलेली दिसते.

सव्वातीन
वास भाजणीचा नव्हता.

११ ऑक्टोबर, शनिवार
रामआसरे आला. मोटर उघडली, आत सगळं काळं. त्यानं विचारलं, दाणे आत असताना चक्की बंद कोण करतं? शरदिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. मग त्यानं सांगितलं की भरल्या चक्कीला सुरू होताना फार जोर लागतो, म्हणून रिले वीज तोडत होता, मोटर वाचवत होता. चकती फिरवणाऱ्यानं राखणदारालाच घरी पाठवलं. आता मोटरीतल्या तारांचं वाइंडिंग नवं करावं लागेल, दिवाळीनंतर.
शरदिनी ओरडली असती तर बरं झालं असतं. उरलेले एकोणीस डबे तिनं रिक्षात घातले आणि मुन्शी घाटाजवळच्या दुसऱ्या चक्कीवर निघाली. मी येतो म्हणालो. नको म्हणाली. दारावर लावायला सूचना लिहून ठेवा, तेवढं तुम्हाला येतं, म्हणाली.
लिहिली: तांत्रिक कारणास्तव चक्की बंद. परत आल्यावर तिनं वाचली आणि फाडली. कारण नीट लिहा, म्हणाली.
दुसरी लिहिली: मोटर जळाल्यामुळे चक्की बंद. तीही फाडली.
तिसरी लिहिली: माझ्यामुळे चक्की बंद. खाली सही. ही तिनं स्वतः दारावर चिकटवली.
फार वाईट वाटतंय. अक्षर मात्र चांगलं आलंय.