दोनचा भोंगा

१२ जाने., सोम.
कॉलेजात सरांनी ट्रेलरच्या अटी सांगितल्या. दोन मिनिटं, संगीत स्वतःचं, आणि पाच खुणा लपवायच्या. बघणाऱ्याने शोधायच्या. आमचा पिक्चर भुताचा: मेलेला कामगार रोज मिलमध्ये हजेरी लावायला येतो. सर म्हणाले, कल्पना भारी. कल्पना कसली डोंबलाची. ऑगस्टमध्ये पप्पा मिलमध्ये मशीनवर वारले आणि मिलच्या रजिस्टरात त्या दिवशी ते गैरहजर. गेटबाहेर पिऊन पडले म्हणे. पप्पांनी जन्मात सुपारी खाल्ली न्हाई.

चार खुणा ठरल्या. बंद घड्याळ, एकच बूट, फाटलेलं पान, रिकामी खुंटी. पाचवी माझ्या मोबाइलमध्ये आहे.

१५, गुरु.
पप्पा १४ एप्रिलच्या जयंतीला गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. वारले त्या दिवशी मीच मेसेज केल्ता, कॉलेजला एक ठेका पाहिजे. जेवणाच्या सुट्टीत डब्यावर वाजवून पाठवला. ४१ सेकंद. शेवटी मागे सुट्टी संपल्याचा दोनचा भोंगा, आणि पप्पा: "झाला भोंगा. चल, कामावर जातो."
तीनला मशीनवर ते गेले.
पिऊन पडलेला माणूस असा ठेका धरतो?

१९, सोम.
दादाला पाचव्या खुणेचं कळलं. पप्पांच्या जागी त्याला त्याच मिलमध्ये घेतलंय. त्यासाठीच आईने 'पती कामावर नव्हते' या कागदावर सही केली.
"नोकरी गेली तर काय खाशील? खुणा?"
मी पण बोलले. नको ते बोलले. आई भाकरी थापून राह्यली, मान वर केली न्हाई.

२३, शुक्र.
आमच्या ग्रुपमधल्या निकिताने ट्रेलरचा कट पाठवला. एडिटिंग तीच करते. मी तिला पाचव्या खुणेचं सांगितलंच नव्हतं, तोंडातून निघालं न्हाई. मेसेज: "काकांचा ठेका एक नंबर. शेवटचा गोंगाट काढून टाकला, आता बिलकुल क्लीन."
भोंगा गेला. पप्पांचं वाक्यही गेलं.
मी लिहिलं, "मस्त."
आणि बरं वाटलं. दादाची नोकरी वाचली, दोष माझा नाही. लाज वाटते हे लिहायला, पण बरंच वाटलं.

२८, बुध.
कॉलेजात दाखवला. आई पांढरी साडी नेसून आल्ती, जयंतीला नेसते ती. दादा ड्यूटीवर. पोरांनी चारी खुणा बराबर ओळखल्या. सर म्हणाले, पाचवी कुठंय? म्हटलं, चारच जमल्या सर.
रिक्षात आई म्हणाली,
"भोंगा कुठं गेला?"
"कोणता भोंगा?"
"ठेका संपला की वाजतो. मंग ते बोलतात. मी रोज ऐकते."
पप्पांचा मोबाइल ती रोज चार्ज करते. मला वाटायचं, नंबर चालू राहावा म्हणून.
"निकितानं काढला."
"आन् तू?"
मी रिक्षाचे सुटे पैसे मोजत बसले. घर येईस्तोवर ती बाहेर बघत बसली.

३१, शनि.
निकिताला सगळं सांगितलं. ती रडली. "आधी बोलली असती तर हात तरी लावला असता का मी?" तिने शेवट परत जोडून दिला. सोमवारी सर सगळ्यांचे ट्रेलर यूट्यूबवर टाकणार. तोवर फाइल बदलता येते.

सकाळी ड्यूटीला निघताना दादाला ऐकवला. बूट घालता घालता ऐकला, पूर्ण. टाक म्हणाला न्हाई, नको म्हणाला न्हाई. "भोंगा अजून तोच हाये," एवढंच. मग डबा घेऊन गेला. डबा पप्पांचाच.

आई म्हणते त्याला येऊ दे, मंग ठरवू. खोट्या कागदावर सही मी केल्ती, सांगायचं तर मीच सांगीन, असंही म्हणाली.

आत्ता दोनचा भोंगा झाला. आमच्या घरापर्यंत ऐकू येतो. आई गहू निवडत होती, तिचा हात थांबला. दादा आता डबा खाऊन परत कामावर गेला असंल.