नावाची ओवी

विश्रामबाग, सांगली
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

प्रिय नीलू,

तुझा निरोप काल मिळाला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तू जिना चढायला लागलीस हे वाचून बरं वाटलं. माझं रक्तदाबाचं तेच रडगाणं. गोळी बदलली, डॉक्टर बदलला, दाब मात्र पूर्वीचाच आहे. बाकी ठीक.

फोन केला असता, पण फोनवर तू प्रश्न विचारतेस आणि मला उत्तरं चटकन सुचतात. पस्तीस वर्षं कॉलेजात शिकवल्याचा तो दोष. म्हणून कागद घेतला आहे. कुरिअरवाला म्हणतो शुक्रवारी साताऱ्यात पोचेल. त्याच्या म्हणण्यावर माझा काडीचा विश्वास नाही, पण शनिवारपर्यंत हे पत्र तुझ्या हातात पडायलाच हवं. रविवारी तुझा प्रबुद्ध तुला 'उपसा' बघायला नेणार आहे आणि 'तूही ये विजू, सिनेमा संपला की पूर्वीसारखं भांडू' असं तू लिहिलं आहेस.

तो सिनेमा मी पाहिला आहे. दोन आठवड्यांपूर्वी आमच्या चित्रपट मंडळात दाखवला. दिग्दर्शक ऋषिराज हा तासगावच्या द्राक्षबागायतदाराचा मुलगा, माझा विद्यार्थी. तेव्हाही निबंध लांबवायचा. नदीवरच्या उपसा केंद्रात मोटर चालू-बंद करणाऱ्या एका बाईची गोष्ट आहे. गोष्ट चांगली आहे, पण ती सांगायची त्याला घाई नाही. एक म्हैस चार मिनिटं रवंथ करते. मी घड्याळ लावून मोजली. चर्चेत मी म्हटलं, याला दिग्दर्शन म्हणत नाहीत, गोठ्यात कॅमेरा विसरणं म्हणतात. आमच्याकडे लालासाहेब म्हणून हळदीचे एक व्यापारी येतात. पहिल्या दहा मिनिटांत झोपतात आणि चर्चेला ताजेतवाने उठतात. ते म्हणाले, "आवं मॅडम, ती म्हस न्हाई, ती वेवस्था हाय."

"मग व्यवस्थेला वैरण तरी घाला," मी म्हटलं. सगळे हसले. ऋषिराजसुद्धा हसला.

आता गाण्याचं. अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला ती बाई मोटर बंद करते, घरघर थांबते, पडदा काळा होतो आणि जात्यावरची ओवी सुरू होते. वाद्य एकही नाही. जातं आणि एका बाईचा आवाज, एवढंच. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवर शिवांजली नावाच्या मुलीने विचारलं की हे गाणं कुठलं. गाणं ऐकून त्याचं नाव सांगणारी ती फोनमधली सोय तिने लावून पाहिली होती, त्या फोनलाही सापडलं नाही. सिनेमाच्या शेवटी नावं येतात तिथे नुसतं 'पारंपरिक' आहे. अशा वेळी मी गप्प बसत नाही हे तुला माहीत आहे. सिनेमात मागे काहीही वाजू दे, ते कुठलं हे मी सांगते आणि इतरांच्या आधी सांगते. मी लिहिलं, 'पारंपरिक ओवी. पलूस परिसर. जात्यावर एकटीने म्हणायची.' चौदा जणांनी अंगठे पाठवले.

ते लिहिताना मला ठाऊक होतं की ती पारंपरिक नाही.

बुधवार, सकाळ

काल इथेच पेन ठेवलं. आज पहिला चहा झाल्यावर लिहिते आहे. फार वेळ घेतला तर कुरिअरची वेळ टळेल.

नीलू, तो आवाज मुक्तामावशीचा आहे. तुझ्या आईचा.

ती ओवी तुझ्या आईने स्वतः केलेली आहे. 'नदीच्या ग पलीकडं ऊस वाऱ्यानं वाकतो, धनी माझा पलटणीला, बर्फात पाय टाकतो.' पहिल्या ओळीला मी पदर घट्ट ओढून घेतला. शेजारच्या बाईंनी विचारलं, एसी कमी करायला सांगू का. मी हो म्हटलं.

मला भीती आहे ती तू हे सिनेमागृहात, शे-दीडशे लोकांत, आधी काही माहीत नसताना ऐकशील याची. पण तेवढीच भीती असती तर मी सरळ फोन केला असता. खोटं कशाला बोलू.

त्या गाण्यात तीन ओव्या झाल्यावर चौथी सुरू होते. 'दळण मालकाचं, मापाच्या पायलीचं,' इथपर्यंत मावशी म्हणते. पुढे 'गाणं ग' एवढंच येतं आणि एक तरुण बाई तिला मध्येच तोडते. "बास मावशी. ही नको. नावाची ओवी नको." जातं थांबतं. मग जातं पुन्हा फिरायला लागतं आणि मावशी दुसरी ओवी घेते.

आमच्या मंडळात त्या सात शब्दांवर पाऊण तास वाद झाला. एक निवृत्त बँक मॅनेजर म्हणाले, हे मागाहून नटीकडून बोलून घेतलंय, फार ठरवून केल्यासारखं वाटतं. ऋषिराज म्हणाला, नाही सर, जुन्या कॅसेटवर जसं होतं तसंच ठेवलंय, माझा सगळा सिनेमा त्या 'नको'वर उभा आहे. लालासाहेब म्हणाले, "बाई कोन का असंना, लय ताठ हाय. कुनी दळनाऱ्या बाईला आसं बोलतंय व्हय?" मग मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, मॅडम, आवाज थोडा तुमच्यासारखा वाटतो. मी म्हटलं, कॉन्व्हेंटमधल्या सगळ्या मुली अशाच बोलतात.

तुझ्यापुढे ते चालायचं नाही. साताऱ्याच्या त्या शाळेत अकरा वर्षं आपण एका बाकावर बसलो. सिस्टर आपल्याकडून मराठीसुद्धा एकेक शब्द सुटा करून म्हणवून घ्यायच्या. माझ्या 'नको'ची नक्कल करून तू अख्खा वर्ग हसवायचीस. रविवारी अंधारात आधी तुला आई ऐकू येईल आणि तिच्यामागून मी.

१९८६च्या मे महिन्यातली गोष्ट. तू टेलिफोन खात्याच्या प्रशिक्षणाला जबलपूरला होतीस. मला एम.फिल.साठी शंभर लोकगीतं जमवायची होती आणि मी टेपरेकॉर्डर घेऊन पलूसला तुमच्या घरी तीन दिवस राहिले. मावशीने माझ्यासाठी माळ्यावरचं जातं उतरवून घेतलं. तोवर सगळं दळण गिरणीतच जात होतं. मला वाढलं, मग बसून गायली. मुलीची मैत्रीण आली म्हणून शेजारच्या चार बाया बोलावल्या, त्यांनाही गायला लावलं.

नावाची ओवी तिने आधी मला नुसती म्हणून दाखवली. मी म्हटलं, "मावशी, लोकगीताला करणाऱ्याचं नाव नसतं."

"आगं, पर म्याच केलंय न्हवं?"

"माहीत आहे. पण नाव आलं की ते लोकगीत राहत नाही. प्रबंधात बसत नाही."

मावशी माझ्याकडे बघून म्हणाली, "मग तुजा परबंद बारका हाय, विजा."

तरी टेप चालू असताना तिने ती सुरू केलीच. विसरून नाही, मुद्दाम. आणि मी तिला थांबवलं. माझ्या मार्गदर्शकांचा नियम होता, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. नियम होता हे खरं आहे. पण तिचं गाणं पुरं होऊ देऊन ती ओवी मला नंतर बाजूला ठेवता आली असती. सरांनी त्या कॅसेटी कधी ऐकल्याच नाहीत. मला थांबवता येत होतं म्हणून मी थांबवलं. कॅसेटच्या डबीवर मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'जात्यावरील ओव्या, पलूस, पारंपरिक.' ऋषिराजने सिनेमात तोच शब्द घेतला. त्याच्यावर चिडायला मला जागा नाही. तरी सोमवारी फोन करून चिडलेच.

तू म्हणशील, एवढंच होतं तर इतकी का घाबरलीस? चाळीस वर्षांपूर्वीची चूक, तेव्हा आपण सत्तावीस वर्षांच्या होतो. तू मोठ्या मनाने असं म्हणशीलही. म्हणूनच पुढचं लिहायला मला दोन दिवस लागले.

२००५च्या जुलैत मावशी गेली. सप्टेंबरात तू सांगलीला माझ्याकडे आलीस. सोफ्यावर बसून म्हणालीस, "विजू, आईचा आवाज कुठेच नाही गं. फोटो आहेत. आवाज नाही. तुझ्याकडे ती टेप होती ना?" कृष्णेचा पूर ओसरून महिनाच झाला होता, सगळ्या गावात चिखलाचा वास होता. मी म्हटलं, पुरात भिजल्या गं सगळ्या, टाकून द्याव्या लागल्या.

आमच्या घराच्या पायरीलासुद्धा पाणी लागलं नव्हतं. कॅसेट तुझ्या पाठीमागच्या कपाटात होती. ती दिली असती तर तू माझं 'नको' ऐकलं असतंस. तेवढ्यासाठी मी तुला तुझ्या आईचा आवाज दिला नाही. तू उलट माझंच सांत्वन केलंस. "जाऊ दे, तुझं केवढं काम वाया गेलं," म्हणालीस आणि उठून तूच चहा केलास.

त्यानंतर वीस वर्षांत आपण अक्षरशः शेकडो सिनेमांवर भांडलो. कुठल्या दिग्दर्शकाने प्रेक्षकांपासून काय लपवलं यावर मी तुला व्याख्यानं दिली. ती तू ऐकून घेतलीस.

दोन वर्षांपूर्वी ऋषिराज जुने आवाज शोधत माझ्याकडे आला, तेव्हा मी सगळं खोकं त्याला देऊन टाकलं. न ऐकता दिलं. घरातून जाईल, बरं होईल, असा विचार होता. कोण ऐकत बसणार आहे चाळीस कॅसेटी. त्याने सगळ्या ऐकल्या. दिग्दर्शक म्हणून त्याला काय नावं ठेवायची ती ठेव, पण ते पोरगं कान देऊन ऐकतं.

सोमवारी मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, तो 'नको' काढला तर सिनेमा पडतो."

"पडू दे," मी म्हटलं, "म्हैस आहे की सावरायला."

या वेळी तो हसला नाही. मग त्याने कबूल केलं ते असं. महिनाअखेरीला सिनेमाची कायमची प्रत तयार होणार आहे. त्याआधी मुक्ताबाई लोंढे यांच्या मुलीने सांगितलं की नाव घाला, तर 'पारंपरिक' काढून नाव घालेल. मुलीने सांगितलं की गाणंच काढा, तर गाणं काढेल. मी त्याच्याकडून तसं लिहून घेतलं आहे, त्याचा कागद सोबत आहे. त्याचा नंबर त्यावर आहे. माझ्यामार्फत काही कळवायची गरज नाही. मी यात आता कुठेही मध्ये नको.

पाकिटात एक पेन ड्राइव्ह आहे, त्या कॅसेटचा, ऋषिराजनेच भरून दिलेला. प्रबुद्ध लावून देईल. दोन्ही बाजू मिळून एकतीस मिनिटं आहेत. सुरुवातीला मावशी विचारते, "सुरू हाय व्हय?" आणि हसते. मध्ये एकदा कोंबडीला हाकलते. दुसऱ्या बाजूला शेजारणीला सांगते की नीलूचं पत्र आलंय, जबलपूरला लय उन्हाळा हाय म्हणती, पोरीनं माठ इकत घेतलाय. हे रविवारच्या आधी घरी ऐक. निदान पहिल्यांदा तरी तिला लोकांच्यात बसून ऐकायची वेळ तुझ्यावर येऊ नये.

नावाची ओवी टेपवर अर्धीच आहे, कारण अर्ध्यावर मी आहे. पण तिने ती मला आधी म्हणून दाखवली होती आणि माझी स्मरणशक्ती तुला माहीत आहे. जगात ती आता फक्त मलाच येते, याचा विचार करून करून गेले पंधरा दिवस मला झोप नाही. रक्तदाबाच्या बाईचं काय सांगावं. म्हणून लिहून ठेवते:

दळण मालकाचं, मापाच्या पायलीचं
गाणं ग मुक्ताचं, नीलूच्या माउलीचं

मी थांबवलं ते फक्त तिचं नाव नव्हतं, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

रविवारी मी साताऱ्याला येते आहे. सकाळच्या एसटीने येईन, संध्याकाळच्या गाडीने परत जाईन. तिकीट काढलं आहे, तुझ्या रांगेतलं नाही. सिनेमानंतर ऋषिराज चर्चा घेणार आहे आणि तो आवाज कुणाचा हा प्रश्न निघणारच. मी उभी राहून सांगणार आहे. मावशीचं नाव घ्यायचं की नाही ते तू ठरवशील, माझं मात्र मी सांगणार. तू त्याआधी निघून गेलीस तरी सांगेन. तू थांबलीस आणि नंतर माझ्याकडे न बघता गेलीस तरी मी हाक मारणार नाही.

आपण पत्र लिहायचो तेव्हा शेवटी घरातल्या वडीलधाऱ्यांना नमस्कार कळवायची पद्धत होती. मी 'मावशीला नमस्कार' असं लिहायचे आणि तू उलट टपाली कळवायचीस की आई म्हणते, पोरगी नमस्कार तेवढा करती, यायचं नाव घेत न्हाई. आता तुझ्या घरात तू सोडून वडीलधारं कुणी नाही. तेव्हा हा नमस्कार तुलाच.

विजयमाला निकम