सासरेबुवांचे चार थेंब

४ मार्च, मंगळवार

सासरेबुवांवर गदा आली! मोठ्या हौदातला आमचा बारा वर्षांचा नर मासा. त्याच्या लेकी साऱ्या तळ्यांत नांदतात, म्हणून हे नाव मीच ठेवलं. कठड्यावर किल्लीने तीनदा टकटक केलं की कुठूनही येतो, माझ्या बोटाला तोंड लावतो. दुसऱ्या कुणी वाजवलं तर ढिम्म.

आमच्या मत्स्यबीज केंद्राच्या नव्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, मादी म्हातारी झाली की अंड्यांवरून कळतं. नराचं वय कुणी बघतच नाही. वय झालं की दूध पातळ होतं, त्यातले जीव मंदावतात, पिल्लंही टिकत नाहीत." नराच्या बीजाला आम्ही दूधच म्हणतो.

मी म्हटलं, "बाई, माझ्याकडे बघून नका बोलू!" हसल्या. पण ठरलं — शेवटची परीक्षा. निम्मी तरी अंडी फळली नाहीत, तर सासरेबुवा बाजारात.

६ मार्च

तीन वाडगी, तिन्हींत एकाच मादीची अंडी. एकात तरण्या नराचं दूध, दुसऱ्यात सासरेबुवांचं, तिसऱ्यात नुसतं पाणी — तुलनेला. दूध काढायचं काम माझं. मासा ओल्या फडक्यात धरायचा, पोट हळूच दाबायचं, थेंब कुपीत घ्यायचे. सूक्ष्मदर्शकाचा दिवा गेलाय, म्हणून बाईंनी थेंब तपासले नाहीत. "अंडीच सांगतील."

कुपी मी दिली. तिच्यात काय होतं, ते इथेसुद्धा लिहवत नाही. साठी बुद्धी नाठी!

७ मार्च

नुसत्या पाण्यातली अंडी पांढरी पडली. मेली. सासरेबुवांची काचेसारखी स्वच्छ. मला दरदरून घाम.

९ मार्च

फुटली! तरण्यापेक्षा जास्त! बाई नाचायच्याच बाकी होत्या. "काका, तुमचा म्हातारा खमक्या निघाला! आजचा चहा तुमच्याकडून!"

चहा पाजला. माझा मी बिनदुधाचा घेतला.

१२ मार्च

पिल्लं पापणीच्या केसाएवढी. आजच पोहायला लागलीत. तरण्याची सैरावैरा, पिल्लांनी करावं तशी. दुसऱ्या वाडग्यातली तशी नाहीत. सगळी एका दिशेला तोंड करून थांबतात. मी दारातून खिडकीकडे गेलो — तोंडं खिडकीकडे.

सहज किल्लीने तीनदा टकटक केलं. तरण्याची पळाली. ही आली. एकूण एक. कडेशी रांग लावून उभी!

बाईंनी वाजवून पाहिलं — ढिम्म.

"काका, शिकवलंत की काय?"

"कधी शिकवणार? आज तर पोहायला लागलीत!"

बाई हसल्या, पण किल्ली माझ्या हातात देताना लांबूनच दिली.

१४ मार्च

यंदा साऱ्या तळ्यांना सासरेबुवांचंच बीज, बाईंनी ठरवलं. परवा दूध काढायचं. म्हणजे जीव वाचला त्याचा. माझ्या जिवात जीव यायला हवा होता. हौदावर जाऊन टकटक केलं. आला — पण बोटाला तोंड लावलं नाही. हातभर अंतरावर थांबून बघत राहिला.

१५ मार्च

लिहूनच टाकतो. त्या दिवशी कितीही दाबलं तरी सासरेबुवांचा एक थेंब आला नाही. बाईंची पाठ होती. म्हटलं, म्हाताऱ्याला आणखी दोन दिवस तरी मिळतील — आणि माझ्या चहाच्या दुधाचे चार थेंब कुपीत घातले.

आज किल्ली घरी विसरलो, म्हणजे टकटक नाही. वाडग्यांच्या खोलीचं दार ढकललं, तर पिल्लं आधीच कडेशी रांगेत. दाराकडे तोंड करून.